गोळी आणि पीळ

मुंबईहून आग्रा रस्त्यानें निघालें आणि भिवंडी मागें टाकली कीं पडघा हें गांव लागतें. आज तेथें रस्त्याच्या दोहों बाजूंस मालाच्या प्रचंड वखारी उभ्या आहेत. पण थोडें उत्तरेकडे वळलें तर माहुलीचा डोंगर आणि तानसा तलावाभोंवतालचें रान आहे. १८८२ सालच्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत जिल्ह्यांतील जनावरांमध्यें वाघ आणि बिबळ्या ह्यांची नोंद आहे. हाच रस्ता पुढें कसाऱ्याचा घाट चढून नाशिक, धुळें ओलांडतो आणि सेंधव्यापाशीं निमाडांत शिरतो. निमाडचें नांव आपण लक्षांत ठेवा. थोड्या वेळानें त्याची गरज पडणार आहे.

पडघ्याच्या आसपास वारली, ठाकर व कातकरी ह्यांची वस्ती आहे. रानांतल्या माणसाचें जुनें हत्यार धनुष्यबाण. बाणाच्या मागील टोंकास जीं पिसें लावतात तीं शोभेसाठीं नसतात. हवा त्या पिसांना मागें रेटते आणि त्यामुळें बाणाचें टोंक पुढें राहतें. पिसें काढून तोच बाण सोडा. तो वाटेंतच आडवा होईल.

आतां बंदुकीच्या गोळीकडे पाहा. तिला पिसें नाहींत. तरी पण ती नाक पुढें ठेवून शेंकडों यार्ड जाते. हें कसें घडतें? ह्याचें उत्तर आपल्या अंगणांतच आहे. लहानपणीं आपण भोंवऱ्यास जाळी गुंडाळून तो जमिनीवर फेंकीत होतों. भोंवरा जोंवर वेगानें फिरतो तोंवर आपल्या आरेवर ताठ उभा राहतो. वेग मंदावला कीं डुलूं लागतो आणि शेवटीं आडवा पडतो. गोळीचें अगदीं तसेंच आहे. तिला उभें ठेवणारी शक्ति तिच्या फिरण्यांत आहे, आणि जाळीचें काम बंदुकीच्या नळीनें करावयाचें असतें. त्यासाठीं नळीच्या आंतून चर कोरलेले असतात. हे चर सरळ नसून गोल जिन्यासारखे वळत जातात. गोळी त्यांत घट्ट बसून पुढें सरकते, आणि सरकतां सरकतां तिला फिरावेंच लागतें. अशा बंदुकीस आपण रायफल म्हणतों. चरांचा एक पुरा फेरा होण्यास नळीची जेवढी लांबी लागते, तेवढ्या इंचांचा त्या नळीचा पीळ. दहा इंचांत एक फेरा म्हणजे पीळ घट्ट. शंभर इंचांत एक फेरा म्हणजे पीळ सैल.

कोणत्या गोळीस कोणता पीळ द्यावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. शिकारी मंडळींत एक समजूत फार दृढ आहे. ती अशी कीं, गोळी जड असेल तर पीळ घट्ट हवा, हलकी असेल तर सैल चालतो. ही समजूत अर्धी खरी आहे, आणि अर्धें सत्य हातांत बंदूक असलेल्या माणसास फार महागांत पडतें. दीडशें-पावणेदोनशें वर्षांचा इतिहास असें सांगतो कीं, पीळ ठरतो तो गोळीच्या वजनावरून नव्हे, तर तिच्या लांबीवरून. तो इतिहास पुष्कळ अंशीं आपल्या देशांत घडला आहे.

प्रारंभीं मापांविषयीं एक शब्द. गोळीचें वजन ग्रेनांत सांगतात. आपल्या सराफी मापानें १८० ग्रेनचा बरोबर एक तोळा होतो. तेवढें ध्यानांत असलें म्हणजे पुढील आंकडे परके वाटणार नाहींत.

आपल्याकडील जुन्या तोड्याच्या बंदुकांची नळी आंतून गुळगुळीत असे आणि गोळी वाटोळी असे. वाटोळ्या गोळीस नाक नाहीं आणि शेंपूट नाहीं. ती आडवी पडण्याचा प्रश्नच नाहीं. पण ती नळींतून बाहेर पडतांना या ना त्या कडेस घासते, वेडीवांकडी फिरते, आणि हवेंत भलतीकडे वळते. हें शास्त्रशुद्ध रीतीनें दाखविलें बेंजामिन रॉबिन्स ह्या इंग्रज गणित्यानें. त्याचा तोफविद्येवरील ग्रंथ १७४२ सालीं प्रसिद्ध झाला, आणि पुढें १७४७ सालीं त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें चरांच्या नळीचें महत्त्व मांडलें. हाच रॉबिन्स पुढें ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनियर होऊन हिंदुस्थानांत आला आणि १७५१ सालीं मद्रासेच्या दक्षिणेकडील फोर्ट सेंट डेव्हिड येथें मरण पावला.

त्यानंतर शंभर वर्षांनीं लांबट गोळी आली. १८५३ सालच्या ज्या एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला, त्या रायफलीची गोळी ५३० ग्रेनांची, म्हणजे जवळजवळ तीन तोळ्यांची होती. नळीच्या तोंडाचा व्यास ०.५७७ इंच आणि पीळ ७८ इंचांत एक फेरा. त्याच सुमारास मँचेस्टरचा प्रसिद्ध यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ ह्यास सरकारनें रायफलीची नळी सुधारण्याच्या कामीं लावलें. त्यानें अनेक नळ्या करून, अनेक पीळ देऊन, एकामागून एक प्रयोग केले. शेवटीं जी नळी त्यानें पसंत केली तिचा व्यास होता ०.४५१ इंच आणि पीळ होता २० इंचांत एक फेरा.

आतां गंमत पाहा. व्हिटवर्थच्या गोळीचें वजनहि ५३० ग्रेनच होतें. दोन्ही गोळ्या तराजूंत घातल्या तर कांटा हलणार नाहीं. मग एकीस ७८ इंचांचा पीळ पुरतो आणि दुसरीस २० इंचांचा लागतो, तो कां? कारण एकच. एन्फील्डची गोळी जाड व आंखूड होती. व्हिटवर्थची सडपातळ व लांब, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या सुमारें तिप्पट लांबीची होती. गोळी जितकी लांब तितकी हवा तिचें नाक अधिक जोरानें उलथूं पाहते. आणि गोळी जितकी सडपातळ तितका तिच्या फिरण्यांतला जोर कमी. तेव्हां ती कसर अधिक फेऱ्यांनीं भरून काढावी लागते. जाड बुटका भोंवरा आणि उंच काटकुळा भोंवरा, ह्यांतला कोणता लवकर कलंडतो, हें मुलांस सांगावें लागत नाहीं.

१८५७ सालच्या चाचण्यांत व्हिटवर्थनें एन्फील्डला लांब पल्ल्यावर सहज मागें टाकलें. १८६० सालीं विंबल्डनच्या मैदानावर व्हिक्टोरिया राणीनें चौकटींत बसविलेल्या व्हिटवर्थ रायफलीचा घोडा दोरीनें ओढला, तेव्हां ४०० यार्डांवरच्या निशाणाच्या मध्यापासून दीड इंचाच्या आंत गोळी लागली. पण ती रायफल महाग होती आणि तिची बारीक नळी दारूच्या काजळीनें लवकर तुंबे. म्हणून सैन्यांत ती सरसहा गेली नाहीं.

त्याच काळांत आपल्या मुंबई इलाख्यांतहि एक माणूस ह्याच प्रश्नाशीं झगडत होता. सिंध प्रांत १८४७ सालापासून मुंबई इलाख्यास जोडलेला होता, आणि त्याच्या सरहद्दीवर मुंबई सैन्याच्या तोफखान्यांतला जॉन जेकब हा अधिकारी होता. ज्या गांवास पुढें जेकबाबाद नांव पडलें, तेथील उघड्या मैदानावर त्यानें दोन हजार यार्डांपर्यंत निशाणें मांडलीं आणि वर्षानुवर्षें प्रयोग केले. त्याच्या दुनळी रायफलीस चार चर होते आणि २४ इंच लांबीच्या नळींत गोळीचा चारपंचमांश फेरा होई. म्हणजे पीळ ३० इंचांचा झाला. लांबट गोळी घ्यावयाची तर एन्फील्डपेक्षां पुष्कळ घट्ट पीळ पाहिजे, हें त्यानेंहि अनुभवानेंच ताडलें होतें. १८५८ सालीं तो तेथेंच वारला.

येथवर ऐकून आपणांस वाटेल, मग घट्ट पीळ हाच उत्तम. सैल पीळ म्हणजे मागासलेपण. पण आतां आपण निमाडांत जाऊं.

१८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. त्याची राजधानी नागपूर होती, आणि चांदा, भंडारा, वर्धा हे मराठी मुलूख त्यांतच होते. ह्या प्रांतांत जेम्स फोर्सिथ नांवाचा एक तरुण अधिकारी होता. जंगल खात्यांत त्यानें काम केलें, पचमढीस त्यानें बंगला बांधला, आणि पुढें निमाडच्या जमिनीची सारामोजणी केली. १८७१ सालीं, अवघ्या तेहतिसाव्या वर्षाच्या सुमारास, तो वारला. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलुखावरचा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ त्याच सालचा आहे. परंतु त्याच्या आधीं, १८६३ सालीं, त्यानें शिकारी रायफल आणि तिची गोळी ह्या विषयावर एक पुस्तक लिहिलें होतें. त्याचें म्हणणें त्या काळच्या वाऱ्याच्या अगदीं उलट होतें. सारे लोक लांब गोळी आणि घट्ट पीळ ह्यांच्या मागें लागले असतांना हा म्हणाला कीं, आमच्या रानांत वाटोळी गोळीच बरी, आणि तिला पीळ द्या फार सैल.

त्याचा विचार असा होता. रानांत शिकार दिसते ती बहुधा शंभर यार्डांच्या आंत, तीहि क्षणभर, झाडीआडून. अंतर मोजण्यास सवड नसते. गोळी मंद असेल तर तिची वाट कमानीसारखी होते, आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला कीं ती जनावराच्या पोटाखालून तरी जाते किंवा पाय मोडून त्यास पळूं देते. म्हणून गोळी वेगवान हवी, आणि वेगासाठीं दारू भरपूर हवी. पण नळीचा पीळ घट्ट असून मागें दारूचा जोर अधिक झाला, तर शिशाची मऊ गोळी चरांतून वळतच नाहीं. चर ओलांडून घसरत सरळ बाहेर पडते, आणि मग चर असून नसल्यासारखे होतात. तेव्हां पीळ एवढाच ठेवा, कीं वाटोळी गोळी नेमापुरती फिरेल आणि दारूचा सारा जोर सोसेल. त्याच्या रायफलीचें तोंड चौदा बोअरचें, म्हणजे एका पौंड शिशाच्या चौदा गोळ्या; एक गोळी ५०० ग्रेनची, पावणेतीन तोळ्यांची. आणि तिला पीळ होता आठ फूट आठ इंचांत एक फेरा. १०४ इंच!

म्हणजे पाहा: एन्फील्ड ५३० ग्रेन, पीळ ७८. व्हिटवर्थ ५३० ग्रेन, पीळ २०. फोर्सिथ ५०० ग्रेन, पीळ १०४. तिन्ही गोळ्या वजनानें जवळजवळ सारख्या, आणि पीळांत पांचपट अंतर. वजनावरून पीळ ठरवूं पाहणाऱ्यानें हे तीन आंकडे एका कागदावर लिहून भिंतीस लावावे.

हे सर्व लोक चांचपडत, प्रयोग करीत, अनुभवानें त्या आंकड्यांपर्यंत पोंचले होते. त्यांच्यामागचा नियम सूत्ररूपानें मांडला तो १८७९ सालीं, वुलिच येथील तोफखान्याच्या विद्यालयांतले गणिताचे प्राध्यापक जॉर्ज ग्रीनहिल ह्यांनीं. सूत्र इतकें सोपें आहे कीं तें तोंडीं सांगतां येतें. गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या किती पट आहे तें काढा. त्या संख्येनें १५० ला भागा. जो भागाकार येईल तितक्या व्यासांइतक्या लांबींत नळीचा एक फेरा असावा. ह्या सूत्रांत वजनाचें नांव नाहीं, हें आपण पाहिलेंच असेल. तें सूत्र लांबट गोळ्यांसाठीं होतें. तरी सहज म्हणून फोर्सिथच्या वाटोळ्या गोळीस लावून पाहा. तिची लांबी तिच्या व्यासाइतकीच, म्हणजे पट एक. १५० ला एकानें भागलें तर १५०. चौदा बोअरचा व्यास ०.६९३ इंच. त्याची १५० पट केली तर येतात १०४ इंच. सातपुड्याच्या रानांत वावरणाऱ्या अधिकाऱ्यानें जो आंकडा धरला होता, तोच सोळा वर्षांनंतरच्या गणितांतून निघतो!

ह्यानंतर दोन गोष्टी घडल्या. काळी दारू जाऊन धूर न करणारी नवी दारू आली, आणि शिशाच्या गोळीवर कठीण धातूचें कवच चढलें. कवचामुळें गोळी चरांतून घसरेनाशी झाली आणि फोर्सिथची अडचण संपली. आतां नळी बारीक, गोळी लांब व वेगवान आणि पीळ घट्ट, अशी रायफल शक्य झाली. आपल्या पोलिसांच्या हातीं कित्येक पिढ्या दिसलेली थ्री-नॉट-थ्री ही त्याच वंशांतली. तिचा पीळ दहा इंचांचा. १८८८ सालीं ती आली तेव्हां गोळी २१५ ग्रेनची होती. १९१० सालीं नवी टोंकदार गोळी आली, ती १७४ ग्रेनची, तोळ्याहूनहि किंचित् हलकी. वजन ४१ ग्रेनांनीं उतरलें, पण नळीचा पीळ बदलावा लागला नाहीं. कां? कारण नव्या गोळीच्या नाकांत शिशाऐवजीं हलका ॲल्युमिनियम भरला होता. वजन घटलें, लांबी जवळजवळ तीच राहिली, म्हणून पीळहि तोच राहिला. पुण्याजवळच्या खडकी येथें १८६९ सालीं स्थापन झालेल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत ह्या रायफलीचीं काडतुसें तयार होत असत.

इतकें सर्व कळूनहि पुढच्या लोकांनीं ठेंच खाल्लीच. १९५५ सालीं अमेरिकेंत दोन मोठ्या कंपन्यांनीं शिकारीसाठीं जवळजवळ सारखीच बारीक रायफल बाजारांत आणली. दोहोंच्या गोळीचा व्यास एकच, ०.२४३ इंच. विंचेस्टर कंपनीनें पीळ दहा इंचांचा दिला, आणि हलकी गोळी लहान जनावरांस व १०० ग्रेनची हरणास, अशी दुहेरी सोय केली. रेमिंग्टन कंपनीनें मुख्यतः हलक्या गोळीचा विचार करून पीळ बारा इंचांचा ठेवला. लांब गोळी त्या नळींतून गेली कीं डुलूं लागे. एकदां ही बोलवा झाली, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानीं गेलें. १९६३ सालीं कंपनीनें काडतुसाचें नांव बदललें आणि पीळ नऊ इंचांचा केला, पण तोंवर बाजार हातचा गेला होता. गंमत अशी कीं, त्याच बारा इंचांच्या नळींतून १०० ग्रेनची बोथट नाकाची गोळी बहुधा नीट जाई. कारण बोथट गोळी तेवढ्याच वजनांत आंखूड असते. म्हणजे पुन्हां तेंच: दोष वजनाचा नव्हता, लांबीचा होता.

पीळ कमी पडतो आहे, हें कसें ओळखावें? कागदाचें निशाण हाच त्याचा साक्षी. गोळी सरळ गेली तर कागदास वाटोळें भोंक पडतें; ती डुलत किंवा आडवी होत गेली तर भोंक लांबट, कुलपाच्या किल्लीच्या छिद्रासारखें पडतें. पीळ गरजेहून थोडा अधिक झाला तर फारसें बिघडत नाहीं. कमी पडला तर सारा नेमच फुकट. थंड, दाट हवेंत गोळीस अधिक पीळ लागतो. अमेरिकन सैन्याच्या नव्या बारीक रायफलीस आरंभीं १४ इंचांचा पीळ होता. अतिशीत प्रदेशाच्या चाचण्यांत गोळ्या डुलूं लागल्या, तेव्हां तो १२ इंचांचा केला. पुढें अधिक लांब गोळी आली तेव्हां तो ७ इंचांवर न्यावा लागला.

आपण म्हणाल, नळी, चर आणि इंच ह्यांची ही मोजदाद कशाला? श्रोतेहो, कागदावरचें लांबट भोंक हा प्रयोग आहे. जनावराच्या अंगावर तीच गोष्ट मोठें संकट होते. १९०७ सालीं जिम कॉर्बेट ह्यानें चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नांवावर ४३६ माणसें होतीं असें त्यानें लिहून ठेवलें आहे. तिच्या तोंडांत पाहिलें तेव्हां उजव्या बाजूचे वरचा व खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले होते. कोणाच्या तरी जुन्या गोळीनें तिची ती दशा केली होती. नेहमींची शिकार जमेना, म्हणून ती माणसाकडे वळली. नीट न लागलेल्या एका गोळीची किंमत कोणीं दिली? बंदूकवाल्यानें नव्हे. गवत कापण्यास, जळण आणण्यास रानांत गेलेल्या बायकांनीं, गुराख्यांनीं, खेड्यांतल्या गरिबांनीं ती दिली. आणि साहेबांच्या व संस्थानिकांच्या शिकारींत हांका घालणारा माणूस तर हातांत ढोल किंवा काठी घेऊन पायींच चालत असे. माचाणावरच्या गोळीचा पीळ बरोबर आहे कीं नाहीं, ह्याच्यावर खाली चालणाऱ्याचा जीव टांगलेला असे. फोर्सिथनें एवढा खटाटोप केला तो ह्यासाठींच, कीं गोळी लागावी तर पुरी लागावी.

तो काळ आतां गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार हा गुन्हा ठरला, आणि तें योग्यच झालें. पडघ्याच्या उत्तरेस तानशाचें रान आज अभयारण्य आहे. तेथील बिबळ्याकडे पाहावयाचें तें डोळ्यांनीं. मग गोळी आणि पीळ ह्यांचें हें शास्त्र आपल्या कामाचें उरलें नाहीं काय?

उरलें आहे, आणि फार सुंदर रीतीनें उरलें आहे. कोल्हापूर जिल्ह्यांत राधानगरी तालुका आहे. तेथील दाजीपूरचें रान एके काळीं कोल्हापूरच्या छत्रपतींचें राखीव शिकारीचें रान होतें. १९५८ सालीं तेथें गव्यांचें अभयारण्य झालें. महाराष्ट्रांतलें तें पहिलें. ह्याच राधानगरी तालुक्यांतल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे ह्यानें १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. त्याच्या आधीं २०१० सालीं कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत ह्यांनीं म्युनिक येथें ५० मीटर प्रोन प्रकारांत ६०० पैकीं ५९७ गुण मिळवून जगज्जेतेपद पटकावलें होतें.

ह्या स्पर्धांतल्या रायफलीचें तोंड पॉइंट बावीस, म्हणजे पाव इंचाहूनहि बारीक. तिचें काडतूस १८८७ सालचें आहे. गोळी शिशाची, ४० ग्रेनची, पाव तोळ्याहूनहि हलकी. तिची लांबी अर्ध्या इंचाहून किंचित् कमी, म्हणजे व्यासाच्या दुपटीहून जरा अधिक. १५० ला त्या संख्येनें भागा, आलेला आंकडा व्यासानें गुणा. उत्तर येतें सुमारें सोळा इंच. आणि त्या रायफलीचा नेहमींचा पीळ आहे, सोळा इंच. नळींतून बाहेर पडतांना ती चिमुकली गोळी सेकंदास सुमारें आठशें फेरे घेत असते, आणि पन्नास मीटरांवरच्या १०.४ मिलिमीटरांच्या वर्तुळांत वाटोळें भोंक पाडते.

ज्या रानांत राजे शिकार करीत, त्याच तालुक्यांतला एक मुलगा कोणत्याहि जनावराचें रक्त न सांडतां त्याच विद्येंत जगांतल्या पहिल्या तिघांत उभा राहिला. त्या पदकामागें त्याचे श्रम आहेतच. पण व्हिटवर्थच्या नळ्या, जेकबचें ऊन्हांतलें मैदान, फोर्सिथचें रान आणि ग्रीनहिलचें एका ओळीचें सूत्रहि त्यामागें आहे. ह्या सर्वांनीं मिळून शिकविलें तें एवढेंच, कीं जें तराजूंत सहज मोजतां येतें त्यावर न भुलतां, जें खरोखर कारण आहे तें शोधून मोजावें. बंदुकीबाहेरहि हा धडा उपयोगी पडेल, असें मला वाटतें.